एकवीस घरांची वाकळ

शाळेत मी पोरांकडून आरोग्याचे नियम घोकून घेते. नखं कापावीत, पाणी उकळून प्यावं, टोचायला आले की पळून जाऊ नये. सोळा वर्षं झाली, हेच चाललंय, आणि दर वर्षी त्या धड्याला आले की माझं तोंड कडू होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण मी पोरांना समजावून सांगते, पण उदाहरण देताना स्वतःचं देत नाही. ते इथं देते.

कोयनेचा भूकंप झाला त्या वर्षीचा उन्हाळा होता. मी एकोणीस वर्षांची, ट्रेनिंग कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून घरी आलेली. माझा थोरला भाऊ हंबीरराव, म्हणजे आमचा दादा, उद्यमनगरात एका फौंड्रीत कामाला होता. त्याची बायको शालूवहिनी पन्हाळ्याकडच्या एका वाडीतली. तिला आठवा महिना लागला होता आणि हे तिचं तिसरं. पहिलं तेराव्या दिवशी गेलं. दुसरं सव्वा महिन्याचं होऊन, हसायला लागून गेलं. हे तिसरं तरी जगावं, एवढी एकच गोष्ट घरात सगळ्यांच्या डोक्यात होती. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वहिनी घ्यायची आणि आईनं आणलेले अंगारेही घ्यायची, कुणालाच नाही म्हणायची नाही. दादा कामावरून आला की आधी तिच्या तोंडाकडे बघायचा आणि मग चपला काढायचा.

एक दिवस आईनं धोंडुमावशीला बोलावून आणलं. मंगळवार पेठेतल्या निम्म्या वाकळा, म्हणजे गोधड्या, त्या म्हातारीच्या हातच्या. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. तोंडभर वण ठेवून आणि एक डोळा घेऊन गेल्या. उरलेल्या डोळ्यानं ती सुईत दोरा ओवायची आणि दोन डोळे असून चाचपडणाऱ्या बायकांना हसायची.

"मागून आनल्याली वाकळ कराय पायजे," ती आईला म्हणाली. "एकवीस घरं मागायची. ज्या घरात प्वार जितं हाय, असंच घर. घरटी एक चिंधी, वापरल्याली. आपल्या घरचं काय बी न्हाय घालायचं, दोरासुदिक न्हाय. म्हंजे ह्ये प्वार तुमचं न्हवंच, एकवीस घरांचं. न्ह्यायला येनाऱ्यानं कुनाच्या दारात जायचं, सांगा की."

"आनि मागाय कोन जायाचं?"

"घरातली कुवार पोरगी." मावशीचा डोळा माझ्यावर येऊन थांबला. "अनवानी जायाचं. देत्याल ती चिंधी घ्यायची, नगं म्हनायचं न्हाय. कुठली चिंधी कुठल्या घरची, ते कुनाला सांगायचं न्हाय आनि आमी बी इचारायचं न्हाय. आनि धुवायची न्हाय. धुतली की त्या घरची माया निगून जाती."

मी म्हणाले, "निदान उकळत्या पाण्यातून तरी काढूया की. कुणाकुणाच्या अंगावरच्या त्या."

"तुजं कालेज कालेजात," आई म्हणाली.

वहिनी कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिनं हात थांबवून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याला मी नाही म्हणू शकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्याला पिशवी अडकवून मी भीक मागायला निघाले. रस्त्यात कॉलेजातली कुणी भेटू नये म्हणून मी मागच्या बोळांतून फिरत होते.

खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी मजा आली. पिराजी पैलवानाच्या बायकोनं त्याच्या जुन्या लंगोटाचं लाल कापड दिलं आणि म्हणाली, "पैलवान हुईल बगा." वैद्यांच्या माईंनी सोवळ्यातल्या रेशमी मुकट्याचा फाटका पदर दिला. बाळासो दुकानदाराच्या आईनं आधी वहिनीच्या तब्येतीची पन्नास प्रश्नांची परीक्षा घेतली आणि मग वीतभर चिटाचं कापड हातावर ठेवलं. एरवी रॉकेलच्या रांगेत एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बायका त्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून पिशवीत चिंध्या टाकत होत्या. दुसऱ्या दिवशी बारा वाजेपर्यंत वीस घरं झाली. वैशाखातली फरशी तापली होती आणि पाय भाजून निघत होते. एक घर उरलं होतं. बोळाच्या टोकाला आकारामचं दार दिसलं.

आकाराम इचलकरंजीला मागावर होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. बायको काशाबाई आणि पाच वर्षांचा मुलगा इथं. मी कडी वाजवली. बऱ्याच वेळानं दार चार बोटं उघडलं.

मी मागणं सांगितलं. काशाबाई ऐकत होती आणि मी तिच्या खांद्यावरून आत बघत होते. भर दुपारी आत अंधार होता. खिडकीला ओलं पोतं लावलेलं. जेवणवेळ झाली तरी चुलीजवळ फोडणीचा वास नव्हता, वास होता कडुनिंबाचा. पोरगं खाली चटईवर भिंतीकडे तोंड करून निजलं होतं आणि त्याच्या भोवती पाला पसरलेला होता.

"गोवर आलाय काय?" मी विचारलं.

"बाई आल्यात," काशाबाई म्हणाली. "आज सातवा दिस. म्युन्सिपाल्टीच्या मानसांस्नी सांगू नगा, ताई. दवाखान्यात न्हेऊन टाकत्याल त्याला, मला बगू बी देनार न्हाईत."

ती आत गेली. पोराच्या उशाला एक पिवळा सदरा होता. तिनं तो पाठीत फाडला आणि मोठा तुकडा माझ्या पिशवीत स्वतःच्या हातानं घातला. म्हणाली, "घरात आल्याल्या आईचा हात लागल्याला हाय ह्याला. तुमच्या बाळाला ती कवाच शिवनार न्हाय."

तिच्या मनात पाप नव्हतं. घरात सगळ्यात चांगलं जे होतं ते तिनं दिलं. पाप माझ्या मनातही नव्हतं, पण डोकं होतं, आणि त्याच डोक्यानं मार्चमध्ये मी 'देवी: लक्षणे, प्रसार व प्रतिबंध' या प्रश्नाला वीसपैकी चौदा मार्क मिळवले होते. घरी येताना मी स्वतःला सांगत होते की गोवर असेल. आपल्याकडे गोवराला आणि कांजिण्यांनाही बायका बाईच म्हणतात. चिंधी वाटेत टाकली तर पुन्हा एक घर शोधावं लागेल आणि माझे पाय भाजताहेत. शिवाय बाळ यायला अजून दोन महिने आहेत. तोवर वाकळेला ऊन दाखवता येईल. ही सगळी कारणं मी बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गोळा केली आणि पिशवी आईच्या पुढ्यात रिकामी केली.

दुसऱ्या दिवसापासून सोप्यात शिवण सुरू झालं. धोंडुमावशी चिंधीचा चौकोन करायची, कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडायची आणि घडीवरनं कात्री चालवायची. एका चौकोनाची दोन तिकोनं. मग एका घरचं तिकोन दुसऱ्या घरच्या तिकोनाला जोडायचं, पुन्हा चौकोन होतो. घरटी चार तिकोनं, असे बेचाळीस चौकोन. सहा ओळी, ओळीत सात. लंगोटाचं लाल माईंच्या मुकट्याला जोडलं गेलं तेव्हा आई हसून हसून बेजार झाली.

"तिकोनीच का?" मी विचारलं.

"चौकोनातनं नजर सरळ आत येती," मावशी म्हणाली. "तिकोनात घुसली की आडती, वाट घावत न्हाय."

वहिनीला नुसतं बसवेना. पोराच्या वाकळेला आईचा हात लागला तर चालतो म्हणून मावशीनं तिलाही सुई दिली. वहिनीनं चिंध्यांच्या ढिगातून हात घालून पिवळा तुकडा उचलला. वापरून वापरून मऊ पडला होता तो. तिनं तो गालाला लावून बघितला.

"ह्यो मधी घालूया, आत्ती," ती आईला म्हणाली. "बाळाच्या तोंडाजवळ येऊ दे."

"वहिनी, तू नको शिवू. पाठ दुखेल. आत जाऊन पड जा."

"वन्सं, तुमाला शिवाय येत न्हाय म्हनून दुसऱ्याला बी शिवू देत न्हाय काय?" ती हसत म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.

पिवळ्याची दोन तिकोनं तिनं शिवली. उरलेला पिवळा चौकोन मावशीच्या हातात गेला. मावशीनं तो कापायच्या आधी नाकाजवळ नेला. कडुनिंबाचा वास अजून गेला नव्हता. तिनं माझ्याकडे बघितलं. "ह्ये कुटल्या..." असं म्हणून तिनं तोंड मिटलं, कारण विचारायचं नाही हा नियम तिनंच घातला होता. मग ती वहिनीला म्हणाली, "आन ते हिकडं. पिवळं मी शिवतो." एवढंच. उरलेली तिकोनं तिनं स्वतः जोडली.

म्हणजे आता दोघींना कळलं होतं. मी तिच्या वयाकडे बघत राहिले आणि ती माझ्या शिक्षणाकडे, आणि वाकळ मोठी होत गेली. वहिनी रोज संध्याकाळी झालेल्या ओळी मांडीवर घेऊन मोजायची, मधल्या पिवळ्यावरनं हात फिरवायची. ती इतकी खूश मी लग्नानंतर कधी बघितली नव्हती. तिच्याकडे बघून मला रोज वाटायचं की उद्या सांगू.

सहाव्या दिवशी पहाटे आकाराम इचलकरंजीहून आला आणि दिवस उगवायच्या आत पोराला पुरायला घेऊन गेले. त्याच दिवशी नऊ वाजता म्युन्सिपाल्टीची माणसं बोळात चुना टाकत आली. मागोमाग टोचणारा आला. तरणाच होता, घामानं निथळत होता, आदल्या दोन पेठा करून आलेला.

आईला शाहू महाराजांच्या काळात टोचलेलं होतं, तरी तिनं कुरकुरत हात पुढं केला. मला शाळेत दोनदा टोचलं होतं, मी तिसऱ्यांदा टोचून घेतलं. धोंडुमावशीकडे बघून तो म्हणाला, "तुमचं काम झालंय." मग त्यानं वहिनीला विचारलं. वहिनीच्या अंगावर एकही वण नव्हता. वाडीत टोचणारे आले की तिची आजी तिला कडब्याच्या गंजीत लपवायची, हे ती आम्हाला कौतुकानं सांगायची.

"आठवा म्हयना हाय तिला," आई आडवी आली. "पोटुशीला टोचत न्हाईत. दोन गेल्यात आदुगर. तुमी काय बी करा, हिला हात लावायचा न्हाय."

त्यानं कागद काढला. "आजाऱ्याच्या घराशी तुमच्यापैकी कुणाचा संबंध आला होता का? आला असेल तर हिला टोचावंच लागेल. नसेल तर बाळंतपण होईपर्यंत थांबू."

"न्हाय," आई म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

मग तो माझ्याकडे वळला. घरातली शिकलेली मीच, म्हणून असेल. वहिनी खांबाला टेकून बसली होती आणि पुरी झालेली वाकळ तिच्या मांडीवर होती. मी खरं बोलले असते तर ती वाकळ त्यानं तिथल्या तिथं अंगणात पेटवली असती. आणि वहिनीला वाटलं असतं की हेही गेलं. आईनं मला आयुष्यभर तोंड दाखवलं नसतं. हे सगळं होतं, पण याच्याही खाली दुसरं होतं. सहा दिवस मी गप्प का बसले, याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं. मला लाज वाटली, आणि भीती वाटली. मी भित्री होते हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

"नाही," मी म्हणाले.

त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि शेजारच्या घरात गेला. धोंडुमावशी उठली, लुगडं झटकलं आणि न जेवताच निघून गेली.

पुढचे सात दिवस मी वहिनीच्या कपाळावर नजर ठेवून होते. तिनं घाम पुसला तरी मी जवळ जायची. आठव्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "कंबर लई दुखाय लागली, आत्ती. डोस्कं बी." आईला वाटलं कळाच आल्या. तिनं सुईणीला निरोप धाडला, पाणी तापत ठेवलं, दादाला बोलवायला शेजारच्या गुंडूला फौंड्रीवर पळवलं. घरात एकदम लगबग उडाली. आई घाबरली होती पण आत कुठंतरी हरखलीही होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मी वहिनीच्या कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलं होतं.

तिसऱ्या दिवशी पुरळ दिसलं. साथीच्या दवाखान्यात तिच्याजवळ राहायला मीच गेले, कारण मला टोचलेलं होतं. चौथ्या दिवशी ती तिथंच बाळंत झाली. मुलगा, एवढासा, कापसात गुंडाळण्याजोगा, पण रडला. नर्सनं तासाभरात त्याला टोचलं आणि वेगळ्या खोलीत ठेवलं.

वहिनीचे डोळे सुजून मिटले होते. तिनं विचारलं, "वन्सं, पोराला वाकळ घातली काय?"

मी तिला सगळं सांगितलं. कुठलं घर, कुठला सदरा, टोचणाऱ्यानं काय विचारलं, मी काय म्हणाले. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. मला वाटलं, ग्लानीत आहे, ऐकलंच नसेल.

मग ती म्हणाली, "त्यो टोचनारा आला तवा तरी बोलायचं हुतं की. मी हात दिला असता."

मी तिच्या पायांवरची चादर नीट केली.

"आत्तींस्नी सांगू नगा," ती परत म्हणाली. "त्या काशाबाईला जित्ती ठेवनार न्हाईत. तिचं बी प्वार गेलंय." दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गेली.

अंथरूण-पांघरूण जाळून टाका, असा दवाखान्याचा हुकूम होता. आईनं सगळं दिलं, वाकळ मात्र जोंधळ्याच्या कणगीत लपवली. ती दहाव्याला पंचगंगेवर गेली तेव्हा मी वाकळ काढली आणि सोडा घालून मोठ्या तपेल्यात दोन तास उकळली. सगळे रंग एकमेकांत उतरले. पिवळा तर पार गेला.

"रंग कशानं गेला गं?" आईनं विचारलं.

"उन्हानं," मी म्हणाले. खोटं बोलायची आता सवय झाली होती.

पोरगं जगलं. मागून आणलेलं म्हणून त्याचं नाव भिकू ठेवलं. वाकळेत गुंडाळून आई त्याला दारात घेऊन बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची की शालूचा काळ आला होता, तिला कुणी राखू शकलं नसतं, पण पोराला एकवीस घरांच्या मायेनं राखलं. लोक वाकळेला हात लावून नमस्कार करायचे. आई वहिनीसाठी रडायची आणि त्याच डोळ्यांनी वाकळेकडे बघून हसायची. ते हसू तिच्याजवळ होतं म्हणून ती उभी राहिली, हे मला दिसत होतं. काशाबाईही कधीमधी यायची, भिकूच्या गालावरनं बोट फिरवून जायची. एक दिवस ती दार बंद करून माहेरी गेली ती परत आली नाही. धोंडुमावशीनं सुई सोडली होती. डोळा अधू झाला, म्हणून सांगायची.

वर्ष उलटलं. मी परीक्षा दिली, शाळेत नोकरीची चिठ्ठी आली. एका सकाळी पिराजी पैलवानाची बायको रिकामी पिशवी घेऊन आमच्या दारात आली. तिच्या लेकीचं एक पोर गेलं होतं, आता दुसऱ्यांदा दिवस होते.

"हौसाताई, तुमचा हात गुनाचा हाय," ती म्हणाली. "तुमीच मागून आना. दुसरं कुनी नगं."

आई उंबऱ्याशी बसली होती. भिकू मांडीवर, वाकळ त्याच्या अंगाखाली. "जाईल की," ती आनंदानं म्हणाली. "जी घरं गेल्या साली मागितली, त्याच घरांत जाईल. हौसा, घे पिशवी."

मी बाहेर पायरीवर बसले होते, पिशवी घेतली नाही. पैलवानाची बायको माझ्या तोंडाकडे बघत होती, शालूवहिनीनं बघितलं होतं तसंच, सगळा भरवसा टाकून. वहिनीनं सांगू नका म्हटलेलं मला आठवत होतं. पण काशाबाई पेठेत नव्हती, आणि ही बाई मी गेले नाही तर दुसऱ्या कुणाला तरी पिशवी देणार होती.

"गेल्या साली एकविसावं घर आकारामचं हुतं," मी म्हणाले. "पिवळी चिंधी त्याच्या पोराच्या अंगावरची हुती. घरात देवी हायत हे मला कळलं हुतं. तरी मी ती आनली. टोचणाऱ्यानं इचारलं तवा न्हाय म्हनलं. शालूवहिनी त्यानं गेली. चिंध्या मागायच्या असतील तर मागा, पण उकळून घ्या, आनि लेकीला आदी टोचून आना."

पैलवानाची बायको दोन पावलं मागं सरली. पिशवी छातीशी धरून ती माझ्याकडे आणि आईकडे आळीपाळीनं बघत होती. मग वळली आणि भराभरा निघून गेली.

आईनं एका हातानं भिकूला उचललं आणि दुसऱ्या हातानं त्याच्या खालची वाकळ ओढून काढली. मला वाटलं, चुलीत घालील. तिनं ती उंबऱ्यावर पसरली, काठाला काठ लावून नीट चौघडी घातली, माझ्या मांडीवर आणून ठेवली. मग भिकूला कडेवर घेऊन ती आत गेली आणि तिनं आतून कडी लावून घेतली.